सामाईक दप्तराची राखण

जुन्या मराठी राज्यातील पत्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मजकुराच्या अखेरीस उमटविलेला एक लहानसा शिक्का आठवत असेल. त्याला मोर्तब म्हणत. शिवछत्रपतींच्या पत्रांवरील मोर्तबात ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असत. पुढे पेशवाईतील कागदांवर ‘लेखनसीमा’ हा शब्द आढळतो. दोहोंचा अर्थ एकच. मजकूर येथे संपला. याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये. पत्र सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, वाहून नेणारा तिसरा आणि दप्तरी लावणारा चौथा. कागद इतक्या हातांतून जावयाचा, म्हणून त्याच्या अंगावरच त्याची मर्यादा नोंदलेली असे. हा शिक्का कारकुनाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यासाठी नव्हता. उलट, उद्या कोणी मजकुरात भर घातलीच, तर दोष कारकुनाच्या माथी येऊ नये याचीही ती तजवीज होती.

श्रोतेहो, आज बहुतेक कचेऱ्यांचे दप्तर रुमालात बांधलेले नसते. ते संगणकात असते. शाळेचे निकाल, सहकारी पतपेढीच्या सभासदांची यादी, ग्रंथसंग्रहालयाची पुस्तकांची नोंद, ग्रामपंचायतीचा पत्रव्यवहार हे सारे एका यंत्रात साठवलेले असते आणि कचेरीतील पाच-दहा माणसे आपापल्या जागेवरून ते उघडीत असतात. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु जुना प्रश्न मात्र तसाच उभा आहे. दहा हातांतून जाणाऱ्या कागदाची मर्यादा कोणी आणि कशी राखावयाची? किंबहुना तो आता अधिक कठीण झाला आहे. कागदावर खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसते, शाईचा रंग बदलतो, पान फाडले तर शिवणीत धांदोटी राहते. संगणकातील आकडा बदलला, तर नवा आकडा जुन्याइतकाच स्वच्छ दिसतो. फाईल पुसली, तर तिच्या जागी रिकामी फळीसुद्धा उरत नाही.

हे सारे कसे घडते ते समजण्यासाठी एखाद्या माध्यमिक शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. मुख्याध्यापक, एक वरिष्ठ लिपिक, एक कनिष्ठ लिपिक आणि आठ-दहा वर्गशिक्षक. कार्यालयातील एका संगणकावर सर्वांसाठी एक सामाईक फोल्डर केलेले आहे. त्यात जनरल रजिस्टर, निकाल, पगारपत्रक, शिष्यवृत्ती, पत्रव्यवहार अशी पाच-सहा फोल्डरे आहेत. व्यवस्था करणाऱ्याने घाईत सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकले. कारण त्यामुळे कोणाचे काम अडत नाही. वर्षभर कोणाची तक्रारही आली नाही. मग एके दिवशी, निकाल लावण्याच्या आदल्या संध्याकाळी, ‘निकाल’ हे फोल्डरच दिसेनासे झाले.

ते कोणी पुसले नव्हते. एका शिक्षकांनी माऊसची कळ दाबून धरली असता हात किंचित हलला, आणि ते संपूर्ण फोल्डर शेजारच्या ‘पत्रव्यवहार’ या फोल्डरात जाऊन पडले. असे करताना यंत्र बहुधा काहीही विचारीत नाही. एका क्षणात काम होऊन जाते. शिक्षकांना आपल्या हातून काही घडले याची वार्ताही नव्हती. फोल्डर तीन तासांनी सापडले. परंतु त्या तीन तासांत कोणी कनिष्ठ लिपिकाकडे पाहिले, कोणी नुकत्याच रजेवर गेलेल्या शिक्षिकेचे नाव घेतले, कोणी मागच्या महिन्यातील वादाची आठवण काढली. फाईल परत मिळाली. पण एकमेकांकडे तशा नजरेने पाहिल्याचा सल कार्यालयात राहून गेला.

उदाहरण कल्पिलेले आहे; परंतु जेथे सामाईक फोल्डर आहे तेथे याची कोणती ना कोणती आवृत्ती घडलेली आढळेल. त्यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, सामाईक दप्तराचा घात दर वेळी दुष्ट हेतूने होतो असे नाही. निरपराध हात, थकलेले डोळे आणि घाई एवढे त्यास पुरते. दुसरी ही की, जेथे सर्वांना सर्व काही करता येते, तेथे काही बिघडले म्हणजे सर्वच जण संशयित ठरतात. यास्तव दप्तराला कुलूप लावणे हे सहकाऱ्यांवर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्याला निकालाचे फोल्डर हलविताच येत नाही, त्याच्यावर ते हलविल्याचा आळही घेता येत नाही.

आता हे कुलूप कसे असते ते पाहू. त्यासाठी प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे. दस्तऐवजावर माणसाचे जे अधिकार चालतात ते एक नसून तीन आहेत. पहिला वाचण्याचा, दुसरा मजकूर बदलण्याचा आणि तिसरा त्या वस्तूला जागेवरून हलविण्याचा किंवा नाहीशी करण्याचा. कागदाच्या दप्तरात हे तिन्ही अधिकार आपोआप वेगळे राहत. वाचनालयात बसून नोंदवही चाळणारा तीत लिहीत नसे. आणि तीत लिहिणारा कारकूनही ती वही घरी नेत नसे. संगणकात हे अधिकार वेगळे करून द्यावे लागतात. ते केले नाहीत, तर तिन्ही एकत्रच मिळतात.

बहुतेक कार्यालयांत संरक्षण म्हणून जे केले जाते, ते प्रत्यक्षात कुलूप नसून पाटी असते. फाईलच्या गुणधर्मांत ‘रीड ओन्ली’ अशी एक खूण करता येते. ती केली म्हणजे फाईल सुरक्षित झाली असे अनेकांना वाटते. पण ज्याला त्या फाईलमध्ये लिहिण्याचा अधिकार आहे, त्याला ती खूण काढूनही टाकता येते. वर्डमध्ये ‘मार्क ॲज फायनल’ अशी सोय आहे. ती केली असता वरच्या बाजूस एक पट्टी दिसते, की हा मजकूर अंतिम आहे. आणि त्याच पट्टीवर तरीही बदल करावयाचा असल्यास दाबण्याचे बटणही असते. ‘येथे थुंकू नये’ या पाटीचा जेवढा उपयोग, तेवढाच याचा. सभ्य माणूस थांबतो आणि चुकून आलेला सावध होतो. पाटीचा हा उपयोग लहान नाही. परंतु पाटीला कुलूप समजणे मात्र धोक्याचे.

एक्सेलच्या तक्त्याला जे संरक्षण देता येते, त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. वर्गशिक्षकांनी गुण भरावेत, पण बेरीज व टक्केवारीची सूत्रे कोणी बिघडवू नयेत, अशी इच्छा असते. एक्सेलमधील प्रत्येक चौकट मुळातच ‘लॉक्ड’ अशी खूण घेऊन येते. मात्र तक्त्याला संरक्षण चालू केल्याशिवाय त्या खुणेचा काही परिणाम होत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी गुण भरण्याच्या चौकटी निवडून त्यांची ती खूण काढावयाची, आणि नंतर संपूर्ण तक्त्याला संरक्षण द्यावयाचे. मग गुणांच्या चौकटींत लिहिता येते, सूत्रांच्या चौकटींना धक्का लागत नाही. पुस्तिकेच्या रचनेलाही संरक्षण दिले, तर तिच्यातील एखादे पानच पुसणे, त्याचे नाव बदलणे किंवा ते मागेपुढे करणे हेही थांबते. चुकीपासून बचाव करण्यास ही योजना उत्तम आहे. परंतु जाणकाराला हे संरक्षण उतरविणे अवघड नसते, आणि ही सोय गुप्ततेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी नाही असे ती बनविणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःच सांगते.

खरे कुलूप म्हणजे फाईल उघडण्यासाठीच परवलीचा शब्द ठेवणे. त्यात संपूर्ण मजकूर सांकेतिक रूपात बदलला जातो आणि शब्द ठाऊक नसलेल्याला आतले काहीच वाचता येत नाही. मात्र हा शब्द विसरला तर कंपनीलाही तो शोधून देता येत नाही. तेव्हा तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात लिहून ठेवणे अगत्याचे. बदली झालेल्या लिपिकाबरोबर पगारपत्रकाचा परवलीचा शब्दही गेला, तर कुलपाने दप्तर राखले असे कोण म्हणेल?

तथापि या सर्व उपायांची एक समान उणीव आहे. हे फाईलच्या आतल्या मजकुराचे रक्षण करतात. खुद्द फाईलचे नव्हे. पेटीला कितीही भक्कम कुलूप घातले, तरी पेटीच उचलून कोणी कचऱ्यात टाकली तर कुलूप काय करणार? परवलीच्या शब्दाने बंद केलेली फाईल न उघडताही पुसता येते. म्हणून पेटी जेथे ठेवली आहे त्या खोलीच्या दारावर पहारा हवा. हा पहारा म्हणजे फोल्डरावरील परवानग्या.

विंडोज पद्धतीच्या संगणकावर प्रत्येक फोल्डराच्या गुणधर्मांत ‘सिक्युरिटी’ या शीर्षकाखाली ही व्यवस्था असते. तेथे कोणत्या माणसाला काय करता येईल ते ठरविता येते. ‘रीड’ म्हणजे वाचणे. ‘राईट’ म्हणजे नवे लिहिणे. ‘मॉडिफाय’ म्हणजे वाचणे, लिहिणे आणि पुसणेही. ‘फुल कंट्रोल’ म्हणजे या सर्वांबरोबर इतरांच्या परवानग्या बदलण्याचा अधिकार. पुष्कळ ठिकाणी ‘मॉडिफाय’ याचा अर्थ केवळ बदल करणे असा घेतला जातो आणि तो सर्वांना देण्यात येतो. त्याच्या पोटात पुसण्याचा अधिकार दडलेला असतो हे लक्षात राहत नाही. शिवाय जाळ्यावरून येणाऱ्यासाठी दारे दोन आहेत. एक फोल्डर सामाईक करतानाच्या परवानगीचे, दुसरे खुद्द फोल्डराच्या परवानगीचे. दोन्ही दारे ओलांडावी लागतात, आणि दोहोंपैकी जे अधिक कडक तेच खरे ठरते.

परवानग्या एकेका माणसाच्या नावाने न देता गटांच्या नावाने द्याव्यात. वर्गशिक्षकांचा एक गट, कार्यालयाचा दुसरा, मुख्याध्यापकांचा तिसरा. पगारपत्रक कार्यालयाने लिहावे, मुख्याध्यापकांनी पाहावे. इतरांना ते उघडूही नये. निकालाच्या फोल्डरात वर्गशिक्षकांनी लिहावे. जनरल रजिस्टर शिक्षकांनी वाचावे, पण त्यात नोंद करण्याचा अधिकार एकाच लिपिकास असावा. उद्या नवे शिक्षक आले तर त्यांचे नाव गटात घातले की झाले. कोणी सोडून गेले तर नाव काढले की पुरे. येथे एवढे मात्र विसरू नये, की ज्याला वाचता येते त्याला नक्कलही करता येते; आणि पेन ड्राईव्हवर नेलेल्या नकलेबरोबर या परवानग्या जात नाहीत. नक्कल बाहेर गेली तरी मूळ प्रत सुरक्षित राहते, पण गुप्तता राहत नाही.

आता निकालाच्या त्या भटकलेल्या फोल्डराकडे पुन्हा वळू. संगणकाच्या दृष्टीने हलविणे म्हणजे एका जागेवरून काढणे आणि दुसऱ्या जागी ठेवणे. म्हणून ज्याला एखादी वस्तू पुसण्याचा अधिकार नाही, त्याला ती हलविताही येत नाही. यावरून उपाय सरळ निघतो. सर्वांत वरच्या सामाईक फोल्डरात सामान्य मंडळींना केवळ वाचण्याची परवानगी द्यावी. त्याच्या आत निकाल, शिष्यवृत्ती ही जी पहिल्या पायरीवरची फोल्डरे आहेत, ती स्वतः पुसण्याचा अधिकार काढून घ्यावा. मात्र त्यांच्या पोटातील फायली व उपफोल्डरे यांवर काम करण्याचे सर्व अधिकार ठेवावेत. परवानग्यांच्या प्रगत पटलावर ‘फक्त हे फोल्डर’ आणि ‘फक्त आतील फोल्डरे व फायली’ असे दोन पर्याय याच कारणासाठी दिलेले आहेत. असे केले म्हणजे कपाटांचे खण जागच्या जागी खिळून राहतात, आणि खणांच्या आत प्रत्येकाला आपले काम मोकळेपणी करता येते.

येथे एखादा चौकस श्रोता विचारील, मग आतील फायलींवरही तोच नियम का लावू नये? लिहिता यावे, पण पुसता येऊ नये. कल्पना चांगली आहे. परंतु व्यवहारात ती अडते. वर्ड किंवा एक्सेलमध्ये फाईल साठविली असता जुन्याच फाईलवर नवी अक्षरे गिरविली जातात असे नाही. आधी एक तात्पुरती नवी फाईल तयार होते, मग जुनी बाजूला सारून नवीला तिचे नाव दिले जाते. म्हणजे साध्या साठविण्यातही पुसण्याचा अधिकार लागतो. तो काढून घेतला, तर फाईल साठविताना अडथळे येतात आणि फोल्डरात विचित्र नावांच्या अर्धवट फायली पडून राहतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्याला लिहिण्याचा अधिकार आहे तो सारा मजकूर निवडून एका कळीने पुसू शकतो आणि कोरी फाईल साठवू शकतो. फाईल जागेवर असते, आत काही नसते. लिहिण्याच्या अधिकारात नाश करण्याची शक्ती असतेच. ती कोणत्याही कुलपाने वेगळी काढता येत नाही.

म्हणून कुलपांची सीमा जेथे संपते, तेथे इतिहासाचे काम सुरू होते. मजकूर बदलला तर बदलू द्यावा, पण आधीचा मजकूर कोठेतरी जपून ठेवलेला असावा. जुन्या हिशेबनीसाने चूक झाली असता आकडा खरवडून काढू नये, त्यावर एक रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहावा आणि सही करावी, असा दंडक होता. रेघेखालचा जुना आकडा वाचता आला पाहिजे, हे त्यातील मर्म. इंटरनेटवरील सामाईक दप्तरांनी हेच तत्त्व पुन्हा उचलले आहे. गूगलच्या दस्तऐवजांत कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास राहतो आणि पूर्वीची आवृत्ती परत आणता येते. तेथे बाहेरून आणून ठेवलेल्या वर्ड-एक्सेलच्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या मात्र सामान्यतः ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच मर्यादेपर्यंत टिकतात.

गूगल ड्राईव्हवर अधिकारांची वाटणीही अधिक स्पष्ट आहे. पाहणारा, शेरा देणारा आणि संपादन करणारा असे तीन दर्जे तेथे असतात. परंतु व्यक्तिगत खात्यातील फोल्डर इतरांना वाटून दिले, तर संपादन करणाऱ्याला दुसऱ्याची फाईलही त्या फोल्डराबाहेर हलविता येते. शिवाय फाईलची मालकी ती तयार करणाऱ्या माणसाचीच राहते. तो संस्था सोडून गेला आणि मालकी दुसऱ्याकडे न सोपविता त्याचे खाते बंद केले, तर त्याच्या फायलीही जातात. संस्थांना मिळणाऱ्या खात्यांत यावर उपाय म्हणून २०१७ साली सामाईक ड्राईव्हची सोय आली. त्यातील फायली व्यक्तीच्या नसून संस्थेच्या असतात. आणि तेथे ‘काँट्रिब्युटर’ हा एक असा दर्जा आहे, की ज्याला फायली घालता येतात, बदलता येतात, पण हलविता किंवा पुसता येत नाहीत. शिक्षकांना तो दर्जा द्यावा, हलविण्या-पुसण्याचा अधिकार एका-दोघांपाशी ठेवावा. आणि ‘दुवा ज्याच्याजवळ आहे अशा कोणालाही’ ही वाटणीची पद्धत कार्यालयीन कागदांसाठी शक्यतो वापरूच नये. असा दुवा एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर किती दूर जाईल याचा नेम नसतो.

पुसलेली फाईल परत मिळण्याबद्दलही एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्या संगणकावरची फाईल पुसली तर ती प्रथम रिसायकल बिनमध्ये जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु जाळ्यावरून दुसऱ्या संगणकातील सामाईक फोल्डरातून पुसलेली फाईल त्या टोपलीत सामान्यतः जात नाही. ती थेट नाहीशी होते. मध्यवर्ती संगणकावर आधीच्या आवृत्त्या राखण्याची सोय अगोदरपासून चालू केलेली असेल तरच ती तेथून काढता येते. आग लागल्यावर विहीर खणावयास घेण्यात अर्थ नाही, तो हा असा. गूगल ड्राईव्हच्या कचरापेटीत फाईल ३० दिवस राहते. निकालाचे फोल्डर एप्रिलमध्ये पुसले गेले आणि ध्यानात जूनमध्ये आले, तर ती पेटी केव्हाच रिकामी झालेली असेल.

तेव्हा शेवटचा आधार वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीचाच. याचा एक प्रसिद्ध दाखला चित्रपटसृष्टीतील आहे. अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या बोलपटाचे काम चालू होते. कोणाकडून तरी पुसण्याची आज्ञा नको त्या ठिकाणी दिली गेली, आणि काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पात्रे, टोप्या, बूट असे एकेक करून चित्रपटाचे भाग नाहीसे होऊ लागले. यंत्र घाईने बंद करण्यात आले, पण तोवर बराचसा चित्रपट गेला होता. राखीव प्रतीकडे धाव घेतली, तर ती नीट घेतली जातच नव्हती असे आढळून आले. अखेरीस आठवले, की गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाई नुकत्याच प्रसूत झाल्यामुळे घरून काम करीत होत्या आणि चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, जपून संस्थेत आणण्यात आला आणि काम वाचले. १९९९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. एवढ्या मोठ्या संस्थेचे दप्तर तिच्या व्यवस्थेने राखले नाही, एका बाळंतिणीच्या सोयीने राखले.

दुसरा दाखला ३१ जानेवारी २०१७ चा. गिटलॅब या संगणक-व्यवसायातील संस्थेत एक अभियंता रात्री उशिरापर्यंत बिघाड दुरुस्त करीत होता. राखीव यंत्रावरील माहिती पुसावयाची, ती त्याने मुख्य यंत्रावरील पुसली. चूक ध्यानात येताच त्याने हात आवरला. तरीही सुमारे ३०० गिगाबाईट माहिती गेली. राखीव प्रती घेण्याच्या निरनिराळ्या योजना कागदावर होत्या. वेळ आली तेव्हा त्यांतील बहुतेक निकामी ठरल्या. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून माहिती परत उभारता आली. मधल्या सहा तासांची गेली ती गेलीच. संस्थेने हे सारे झाकून न ठेवता जाहीरपणे सांगितले, हे तिला भूषणावह. दोन्ही दाखल्यांचा बोध एकच आहे. प्रत घेतली जाते एवढे पुरे नाही. ती परत उघडून पाहिली पाहिजे. महिन्यातून एकदा एखादी जुनी फाईल राखीव प्रतीवरून काढून वाचून पाहावी. ती उघडली, तरच राखीव प्रत आहे असे समजावे.

या कामी जाणकार एक सोपा हिशेब सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक वास्तूबाहेर. याला आजच्या काळात एक पुस्ती जोडावी लागते, ती अशी की, एक प्रत यंत्रापासून सोडवून ठेवलेली असावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू अनेक देशांत पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचेही काम त्याने अडविले. अशा विषाणूंच्या तावडीत संगणकाला जोडून ठेवलेली राखीव तबकडीही सापडू शकते. कपाटात बंद असलेल्या तबकडीला तो शिवत नाही. तसेच, दोन ठिकाणी एकसारख्या फायली आपोआप राखणारी जुळवणी ही राखीव प्रत नव्हे. एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते. आरशाने वस्तूचे रक्षण होत नाही.

येथवर यंत्राचे झाले. माणसांचे नियम याहून थोडे आहेत, पण त्यांवाचून यंत्राचे नियम व्यर्थ. प्रत्येकाने आपल्याच नावाने आणि आपल्याच परवलीच्या शब्दाने यंत्रात शिरावे. एकच शब्द दहा जणांना ठाऊक असेल तर बदल कोणी केला याची नोंद निरर्थक ठरते. सर्वाधिकार असलेले खाते रोजच्या टंकलेखनासाठी वापरू नये; किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून कोणी भाजी आणावयास जात नाही. सोडून गेलेल्या माणसाचे अधिकार त्याच दिवशी काढावेत, आणि ते निरोपसमारंभाइतक्याच सहज रीतीने काढावेत. प्रत्येक फोल्डराचा एक सांभाळणारा नेमावा. आणि कोणाला काय करता येते हे एका कागदावर लिहून तो कागद सर्वांस दिसेल असा लावावा. गुपचूप लावलेले कुलूप मनाला लागते. सर्वांना विचारून लावलेले लागत नाही.

काही दस्तऐवज असे असतात, की ते एकदा पूर्ण झाले म्हणजे त्यांत बदल व्हावयाचाच नसतो. जाहीर झालेला निकाल, सभेचे संमत इतिवृत्त, दिलेला दाखला. असे कागद वर्ड-एक्सेलच्या रूपात न ठेवता पीडीएफ करून, केवळ वाचता येईल अशा वेगळ्या फोल्डरात ठेवावेत. पीडीएफ बदलताच येत नाही असे मात्र समजू नये. जेथे महत्त्व अधिक, तेथे डिजिटल स्वाक्षरी असते. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून शेतकऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला. ही स्वाक्षरी कागद बदलणाऱ्याचा हात धरीत नाही. परंतु स्वाक्षरीनंतर एक आकडा जरी बदलला, तरी तपासताना स्वाक्षरी जुळत नाही आणि फेरफार उघडा पडतो. मोर्तबाचे काम नेमके हेच होते.

वीस वर्षांनी एखादी माजी विद्यार्थिनी शाळेच्या दारात येते. परदेशी नोकरीसाठी तिला जन्मतारखेचा पुरावा हवा असतो. तिला नोंद करणाऱ्या लिपिकाचे नाव ठाऊक नसते, फोल्डराच्या परवानग्यांशी तिला कर्तव्य नसते. तिच्या आयुष्यातील एक ओळ या कार्यालयाने सांभाळली आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न असतो. ती ओळ जागेवर असावी, लिहिली तशीच असावी, आणि ती बदललीच असेल तर कोणी, केव्हा, का बदलली हे सांगता यावे. दप्तराची राखण म्हणतात ती हीच. आणि ती नीट झालेली असेल, तर त्या दिवशी कपाटापाशी उभ्या असलेल्या लिपिकालाही मान खाली घालावी लागत नाही.